ठाण्याच्या फाटकात बसलेली उज्वला

मंगळवारी उज्वला पवार शाळेच्या शेडमध्ये खिचडीसाठी डाळ धूत होती, तेव्हा तिची भावजय आरती धावत आली. पायात चपला नव्हत्या, पदर खांद्यावरून घसरला होता. ती काही बोलायच्या आधीच उज्वलाला कळलं. पारध्यांच्या वस्तीवरची बाई अशी धावत आली की विचारायला फारसं काही उरत नाही. कोणाला नेलं, एवढंच.

"यांना नेलं, आक्का. बाजारातून. चौघं होते, अंगावर वर्दी न्हाई. पांढऱ्या गाडीत कोंबलं."

भागवत, उज्वलाचा धाकटा भाऊ. वय चौतीस. सोयाबीनच्या दिवसांत मळणीयंत्रावर, एरवी विहिरीच्या कामावर जाणारा.

"किती वाजले होते?"

"साडेधा. मोटारीचा नंबर सगळा न्हाई दिसला. शेवटी चौऱ्याहत्तर हाय."

उज्वलाने हात पुसले, मुख्याध्यापकांच्या टेबलावरचा पेन उचलला आणि मनगटावर लिहिलं: साडेदहा, चौऱ्याहत्तर. मग डाळीचं पातेलं जोडीदारणीच्या हवाली करून ती निघाली. वाटेत तिने आरतीला आपल्या चपला दिल्या. तापलेल्या डांबरावर ती स्वतः अनवाणी चालली.

चाकूर तालुक्याच्या कडेला कोळसांगवी नावाचं बाजाराचं गाव आहे. गावाबाहेर गायरानावर पारध्यांची चौदा घरं आहेत. पत्र्याची, कुडाची, दोन विटांची. उज्वला तिथेच जन्मली, नवरा वारल्यावर तिथेच परत आली. वस्तीतली दहावी झालेली ती पहिली बाई. म्हणूनच शाळेत खिचडी शिजवायचं काम तिला मिळालं. पहिल्या महिन्यात गावातल्या काही घरांनी पोरांना डबे बांधून दिले. "पारधिणीच्या हातचं खाऊ नका," असं सांगून. उज्वला रोज येत राहिली. हळूहळू डबे कमी झाले. सगळे बंद मात्र कधीच झाले नाहीत.

ती आठ वर्षांची असताना तिच्या बापाला, दगडोबाला, असंच नेलं होतं. कुणाच्या तरी विहिरीवरची पाण्याची मोटार चोरीला गेली होती. आई तीन ठाण्यांचे उंबरे झिजवून आली. तिन्हीकडे एकच उत्तर, आमच्याकडं न्हाई. सहाव्या दिवशी दोघांनी बाजेवर घालून बापाला वस्तीवर आणून टाकलं. मोटार मालकाच्याच भाच्याकडे सापडली. दगडोबा त्यानंतर वीस वर्षं जगला, पण मांडी घालून जेवायला कधी बसला नाही. लोक विचारायचे तेव्हा म्हणायचा, "विहिरीत पडलो व्हतो." लेकरांसमोरही हेच सांगायचा. आत काय काय केलं, ते उज्वलाला आईने सांगितलं, तेही तो गेल्यावर.

काही वर्षांपूर्वी लातूरला एका संस्थेने दोन दिवसांचं कायद्याचं शिबिर घेतलं. उज्वला गेली. तिथे ऐकलेलं तिने वहीत उतरवलं नाही, वस्तीवरच्या बायकांना लिंबाखाली बसवून तोंडपाठ करून घेतलं. नेणाऱ्याचं नाव विचारायचं. वेळ ध्यानात धरून ठेवायची. चोवीस तासांत माणूस कोर्टापुढं उभा केलाच पाहिजे. कोऱ्या कागदावर अंगठा नाही. शेवटचं तिने स्वतः जोडलं होतं: कुणालाही नेलं तरी ठाण्यावर गडी जाणार नाहीत, बायका जातील, घरटी एक. गडी गेले तर तेही आत जातात, हे तिने लहानपणापासून पाहिलं होतं.

ठाण्याच्या दारात हवालदार खुर्ची टाकून बसला होता.

"भागवत दगडोबा काळे. साडेधाला आणलाय," उज्वला म्हणाली.

"कोण भागवत? आमच्याकडं कुणी न्हाई."

"बाजारात शंभर लोकांनी बघितलंय."

"मग त्या शंभरांला इच्यार. चल, व्हय बाजूला."

ठाण्याच्या मागच्या बाजूला एक बंद खोली होती. तिथून काही ऐकू येत नव्हतं. आरती त्या खोलीच्या दिशेने एकटक पाहू लागली. तिच्या ओठांचा रंग उडाला होता. उज्वलाने तिला दंडाला धरून फाटकाबाहेर आणलं आणि मोबाईल काढला. एकशे बारा लावला.

"माझ्या भावाला पळवून नेलंय," ती मोठ्याने, एकेक शब्द तोडून बोलली. "चार माणसांनी, पांढऱ्या गाडीत. नंबराच्या शेवटी चौऱ्याहत्तर. … मी? मी पोलीस ठाण्याच्या फाटकात उभी हाय. … हाव, ठाण्याच्याच. पोलीस म्हणतात आम्ही नेला न्हाई. त्यांनी न्हाई नेला, म्हणजे पळवलाच ना? लिहून घ्या. बारा वाजून दहा मिनिटं झालीत."

पाच मिनिटांत आवारात उभ्या असलेल्या पोलिसांच्याच गाडीतलं, एकशे बाराच्या तक्रारी येणारं यंत्र वाजायला लागलं. हवालदार उठला. यंत्रावरचा मजकूर त्याने वाचला, फाटकाकडे पाहिलं, पुन्हा वाचला आणि आत गेला.

तोवर वस्तीवरच्या बायका येऊ लागल्या होत्या. बाजाराच्या गर्दीतून एकेक करत बारा जणी आल्या. लक्ष्मीबाई सगळ्यांत म्हातारी, ती काठी टेकत आली. कुणी घोषणा दिली नाही. त्या फाटकाच्या एका बाजूला, गाड्यांना वाट सोडून, ओळीने बसल्या.

फौजदार बाहेर आला. चाळिशीचा, कडक इस्त्रीच्या वर्दीतला.

"कोण तू? पुढारीण का?"

"बहीण हाय."

"तुझा भाऊ शनिवारी चार वाजता कापड दुकानवाल्या शिवकुमारच्या घरात शिरला. त्याच्या बायकोच्या गळ्यातली बोरमाळ तोडून पळाला. चौकशी चालूय."

"म्हंजे आत हाय तो," उज्वला म्हणाली.

फौजदार थांबला. मागच्या बाईच्या हातात मोबाईल होता, हे त्याला तेव्हा दिसलं.

"मोबाईल खाली! सरकारी कामात अडथळा म्हणून चौदाजणींवर गुन्हा दाखल करीन. पोरंबाळं रस्त्यावर येतील."

उज्वला घाबरली. हे नंतर ती स्वतःच सांगायची, लपवायची नाही. ती उभी राहिली नाही, बसूनच बोलली. "करा, सायेब. वेळ घालून करा. आन् शनिवारी चार वाजता माझा भाऊ रामलिंगअण्णाच्या खळ्यावर मळणी करत होता. सहा माणसं होती तिथं. त्यांला इच्यारा."

"बघू तुझा रामलिंगअण्णा काय म्हणतोय," फौजदार म्हणाला आणि आत गेला.

रामलिंग पंधरा एकरांचा शेतकरी. उज्वला त्याच्या खळ्यावर गेली, तेव्हा सोयाबीनची रास झाकणं चाललं होतं. तो तिच्या नजरेला नजर देईना.

"शनिवारी भागवत इथं होता का न्हाई, अण्णा?"

"होता की."

"मग तेवढं ठाण्यावर येऊन सांगा."

रामलिंगने ताडपत्रीचा कोपरा दगडाखाली दाबला. "मघाशी फोन आला होता मला. शिवकुमार माझ्या मेव्हण्याचा सोयरा. मला या गावात ऱ्हायचंय, उज्वला. यात मला वढू नको."

"आम्हालाबी इथंच ऱ्हायचंय," ती म्हणाली आणि वळली.

दुपार कलली होती. ठाण्याकडे परतताना बाजारपेठेतून जावं लागतं. शिवकुमारचं दुकान उघडं होतं. गल्ल्यावर तो स्वतः आणि आत साड्यांच्या घड्या घालत त्याची बायको वर्षाराणी. तिच्या मानेवर तांबडा वळ अजून दिसत होता. उज्वला जाणार होती तशीच पुढे. पण तो वळ पाहून थांबली आणि पायरी चढली.

"वैनी, मी भागवतची बहीण."

वर्षाराणीचे हात थांबले. शिवकुमार गल्ल्यामागून उठला. "बाहेर हो! दुकानात पाय ठेवायची हिंमत कशी झाली?"

"माघारी जाते, सावकार. एकच बोलते." उज्वला वर्षाराणीकडेच पाहत होती. "तुमच्या मानेला ज्यानं हात घातला, त्यानं लई वाईट केलं. तुमची माळ गेली, तो खरा घावला पाहिजे. आमच्यासाठी तुम्ही खोटं बोलू नका. पण पोलिसांसाठीबी बोलू नका. जेवढं बघितलं तेवढंच सांगा."

शिवकुमारने तिला दंडाला धरून पायरीवरून खाली उतरवलं. समोरच्या हॉटेलातली माणसं बघत होती. कुणीतरी हसलं.

दिवस मावळताना फौजदार पुन्हा बाहेर आला आणि बायकांना घरी जायला सांगू लागला. लक्ष्मीबाई म्हणाली, "दिस बुडाल्यावर बायकांला धरता येत न्हाई म्हणं, सायेब. मग बसू द्या की." त्या बसून राहिल्या. शेजारच्या चहाच्या टपरीवाल्याने पाण्याची घागर आणून ठेवली. रात्र तशीच गेली. आतून एकदा कुणाचा तरी आवाज आला. आरती उठून आवाजाकडे धावली, दोघींनी तिला धरून खाली बसवलं. तो आवाज नवऱ्याचा होता की नाही, हे तिला शेवटपर्यंत नक्की सांगता आलं नाही.

बुधवारी सकाळी साडेआठला शिवकुमारची गाडी ठाण्यासमोर थांबली. पोलिसांनी मुद्देमाल ओळखायला बोलावलं होतं. वर्षाराणी खाली उतरली. आत जायची वाट बसलेल्या बायकांना लागूनच होती. ती जाताना आरतीने तिच्या पायाकडे हात नेला, तेव्हा उज्वलाने तिचा हात मागे ओढला. "पाया पडायचं न्हाई," ती हळूच म्हणाली. वर्षाराणीने हे ऐकलं असावं.

आत काय झालं, ते वर्षाराणीने पुढे चौकशीत सांगितलं, म्हणून कळलं. टेबलावर लाल कापडावर एक बोरमाळ ठेवलेली होती. फौजदार म्हणाला, आरोपीने काढून दिली, हीच ना? पंचनाम्याचा कागद आधीच लिहिलेला होता. फक्त सही राहिली होती.

तिने माळ हातात घेतली. तिची बोरमाळ उदगीरची, तिच्या आईची, बसम्माची. लहानपणी आईच्या मांडीवर झोपताना ती तेच मणी चोखायची. दोन मण्यांवर तिच्या दुधाच्या दातांचे खळगे होते. या माळेचे मणी गुळगुळीत होते. नवेकोरे.

"ही माझी नव्हं," ती म्हणाली.

"नीट बघा, ताई. घाबरलेल्या माणसाला आठवत न्हाई."

"माझ्या आईची माळ मला आठवत न्हाई?"

शिवकुमार तिच्या कानाशी वाकला. "सही कर आन् चल. सोनं तर मिळतंय. कुणाची का असंना."

तिने माळ कापडावर ठेवली. मग तिने जे विचारलं, ते विचारायचं ठरवून ती आली नव्हती, असं ती म्हणाली. तोंडातून निघून गेलं. "ज्यानं काढून दिली म्हणता, त्याला मला बघू द्या. मी फिर्यादी हाय ना?"

फौजदार नको म्हणत होता, पण मागच्या खोलीचं दार त्याच वेळी एका शिपायाने पाणी द्यायला उघडलं. वर्षाराणी तीन पावलं पुढे गेली. भिंतीला टेकून बसलेला माणूस तिने पाहिला. शिपाई त्याला म्हणाला, ऊठ. तो उठला नाही. उठता येत नव्हतं.

ती बाहेर आली तेव्हा फाटकाशी बायका उभ्या राहिल्या होत्या. रस्त्यावर शाळेला निघालेली पोरं, दूधवाले, टपरीवरचे लोक. नवरा मागून हाका मारत होता. वर्षाराणी बायकांसमोर थांबली.

"आत हाय तुमचा माणूस. त्याला उभं ऱ्हाता येईना. आन् ती माळ माझी न्हाई. माझी न्हाई म्हणून मी सांगून आले."

मोबाईलवर हे सगळं टिपलं जात होतं. कुणी धरला होता, ते पुढे कोर्टालाही कळलं नाही. चौदाही जणी म्हणाल्या, मी.

त्यानंतर ठाण्यात एकदम घाई सुरू झाली. साडेदहा वाजत आले होते. अकराला भागवतला गाडीत घालून तालुक्याच्या कोर्टात नेलं. कागदावर अटकेची वेळ दाखवली होती मंगळवार रात्री आठ. बायका दोन ऑटोंत दाटीवाटीने बसून मागोमाग गेल्या.

भागवतच्या अंगावर स्वच्छ शर्ट होता. पायात काळे बूट. उज्वलाने आयुष्यात कधी भावाच्या पायात बूट पाहिले नव्हते. दोन शिपायांनी दोन्ही बाजूंनी धरून त्याला आणलं, जणू मित्र हातात हात घालून चालले आहेत.

न्यायाधीश तरुण बाई होत्या. त्यांनी कागदावरून नजर उचलली. "पोलिसांबद्दल काही तक्रार आहे का?"

भागवतने डावीकडच्या शिपायाकडे पाहिलं. "न्हाई, मॅडम."

आरतीने तोंडावर पदर दाबला. उज्वलाला वाटलं, आपण एवढं सगळं केलं ते इथे, या एका शब्दात संपलं. रागही आला तिला त्याचा. मग तिला बाप आठवला, विहिरीत पडलो व्हतो म्हणणारा, आणि राग कुठल्या कुठे गेला. ती मागच्या बाकाजवळ उभी राहिली.

"मॅडम, मी बहीण हाय त्याची. त्याचे बूट काढायला सांगा."

"खाली बसा. मध्ये बोलू नका," कोर्टाचा शिपाई ओरडला.

"बसते. पर ते बूट त्याचे न्हाईत. एवढं बघा."

न्यायाधीश क्षणभर भागवतच्या पायांकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "बूट काढा."

भागवत खाली बसला. नाडी सुटली, पण बूट निघेना. शिपाई ओढायला गेला, तसा भागवत ओरडला. असा ओरडला की बाहेरच्या व्हरांड्यातले वकील दारात आले. शेवटी बूट कापून काढावा लागला. तळपाय काळानिळा होऊन फुगला होता, चामडी तकतक करत होती. न्यायाधीशांनी पुन्हा तोच प्रश्न विचारला. या वेळी शिपायांना बाहेर उभं करून.

भागवतने एकदा दाराकडे पाहिलं. मग सांगू लागला.

लातूरला सरकारी दवाखान्यात त्याची तपासणी झाली. उजव्या पायाचं एक हाड मोडलेलं निघालं. एकशे बाराच्या नोंदीत बारा दहाची वेळ होती आणि कागदावर आठची. हा फरक फौजदाराला समजावून सांगता आला नाही. भागवतला जामीन मिळाला, पुढे त्याचं नाव गुन्ह्यातून वगळलं. फौजदाराची जिल्ह्याच्या जागी बदली झाली आणि चौकशी लागली. ती अजून चालू आहे. तो कधीमधी तारखेला येतो, तेव्हा इस्त्री तशीच कडक असते.

बोरमाळ सापडली नाही. खरा चोरही नाही.

शिवकुमारचे भाऊबंद वर्षाराणीशी वर्षभर नीट बोलले नाहीत. तिची आणि उज्वलाची मैत्री वगैरे झाली नाही. बाजारात समोरासमोर आल्या की वर्षाराणी "बरी हाईस का?" एवढं विचारते आणि पुढे जाते. रामलिंगने दिवाळीनंतर चौकशी अधिकाऱ्यापुढे जबाब दिला, की भागवत शनिवारी दिवसभर त्याच्या खळ्यावर होता. उशिरा दिला, पण दिला. त्याच्या आईने, सिद्धम्माने, त्याला दोन महिने घरात टोचून टोचून बेजार केलं होतं, असं गावात सांगतात. भागवत आता मळणीयंत्रावर उभा राहू शकत नाही. आरती मजुरीला जाते, तो घरी केरसुण्या बांधतो.

शाळेच्या समितीने उज्वलाला महिनाभर "जरा शांत होईस्तोवर" येऊ नको म्हणून सांगितलं. "लेखी द्या," ती म्हणाली. कुणी दिलं नाही. दुसऱ्या दिवशी ती नेहमीच्या वेळेला हजर झाली.

जानेवारीत पुन्हा एक चोरी झाली. या वेळी गाडी सकाळी नऊला आली, वर्दीतली, आणि वस्तीत न शिरता रस्त्यावरच थांबली. नव्या फौजदाराने उज्वलाला बोलावून घेतलं. तिच्या मागे घरटी एक बाई येऊन उभी राहिली. त्याच्या हातात लेखी नोटीस होती, वस्तीतल्या शिवम नावाच्या माणसाला चौकशीसाठी ठाण्यावर येण्याची. उज्वलाने ती सगळी वाचली, मोठ्याने, म्हाताऱ्या लक्ष्मीबाईलाही कळावी म्हणून सावकाश. फौजदाराने दोनदा घड्याळाकडे पाहिलं, पण थांबला.

शिवम पोलिसांच्या गाडीत बसला नाही. दोन बायकांबरोबर ऑटोतून गेला. पोलिसांनी विचारलं, त्याने सांगितलं, आणि दुपारी दोनला तो आपल्या पायांनी वस्तीवर परत आला. सगळ्या बायका त्याच्याभोवती जमल्या. काय विचारलं, कुठं बसवलं, हात लावला का, हे सगळं त्याने सांगितलं.

"चहाबी दिला," तो म्हणाला. मग म्हणाला, "पर कपबशी धरता येईना, आक्का. हातच थरथरायला लागले. सगळा चहा बशीत सांडला."

उज्वलाने त्याचा हात आपल्या दोन्ही हातांत धरला.